आडनावासारखं नाव ठेवायचंय? एका आत्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजवर नऊ बारशांत मी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आहे. चार सख्ख्या भावांची मुलं, तीन चुलत-मावस, आणि दोन घरं अशी की तिथली खरी आत्या परदेशात होती. पाठीत पडलेल्या धपाट्यांचा हिशेब मात्र ठेवला नाही. गिरगावातल्या चाळीत वाढले, आता दादरला राहते. हल्ली भाचेसुना, त्यांच्या मैत्रिणी आणि सोसायटीतल्या पोटुशी मुली मला एकच गोष्ट विचारतात: आत्या, आडनावासारखं नाव ठेवलं तर कसं वाटेल? कुणाच्या मनात मेसन असतं, कुणाच्या हार्पर, कुणाच्या समर्थ किंवा जयवंत. फोनवर तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवते. मतं माझी आहेत. पटलं नाही तर तुमच्या आत्याला विचारा.

आडनावासारखं नाव म्हणजे काय? नाव ते नाव, आडनाव ते आडनाव ना?

आपल्याकडे बव्हंशी तसंच आहे. इंग्रजीत ही भिंत केव्हाच पडली. तिकडची बरीच आडनावं धंद्यावरून आलेली. मेसन म्हणजे गवंडी, टेलर म्हणजे शिंपी, कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा, टायलर म्हणजे कौलं घालणारा, कार्टर म्हणजे गाडीवान. काही आडनावं बापाच्या नावावरून आली: जॅक्सन हा जॅकचा मुलगा, विल्सन हा विलचा. स्टॅन्ली, ॲशली ही मुळात जागांची नावं. ही सगळी आडनावं तिकडे बिनदिक्कत पहिलं नाव म्हणून ठेवतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात आईचं माहेरचं आडनाव मुलाला नाव म्हणून द्यायची जुनी पद्धतही आहे. ती मला फार आवडते, पण त्याबद्दल पुढे.

म्हणजे हौसेने मेसन ठेवणारी मंडळी मुलाचं नाव गवंडी ठेवत असतात. गवंड्याला माझा काहीच आक्षेप नाही. पण 'गवंडी' ठेवा म्हटलं तर हीच मंडळी माझ्या तोंडाकडे बघत बसतील.

माझं लाडकं उदाहरण झेवियर. धोबी तलावचं कॉलेज १८६९ सालचं, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचं. झेवियर ही स्पेनमधल्या नवारा प्रांतातली त्यांच्या घराण्याची गढी. बास्क भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ 'नवं घर'. म्हणजे आपला नवघरे! आधी घर, मग गढी, मग घराण्याची ओळख, मग संत, आणि शेवटी जगभरच्या पोरांचं पहिलं नाव. आपल्या नवघऱ्यांना मात्र अजून हा मान मिळालेला नाही.

मेसन, कार्टर, हार्पर ही नावं मराठी मुलांना ठेवायला काय हरकत आहे?

कायद्याची हरकत नाही. हरकत गॅलरीची आहे.

आमच्या चाळीत नावाची एकच परीक्षा होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक मारायची. हाक खालपर्यंत पोचली पाहिजे आणि ती ऐकून बाकीची पोरं हसता कामा नयेत. आता या परीक्षेला एकेकाला बसवू. कार्टर: अर्ध्या दिवसात कार्टा. "कार्टं खाली गेलंय" हे आजी मुद्दाम म्हणणार, आणि तिची चूक कुणाला दाखवता येणार नाही. मेसनचं पहिल्याच डब्याला बेसन. हार्पर लपंडावात सापडली नाही की हार्पर हरपली. हंटर म्हणजे आपल्याकडे चाबूक, त्यामुळे घराची सर्कस. पार्कर ठेवलंत तर मुंजीत वीस पेनं येतील. मॅडिसनची सुरुवातच मॅड, शाळेतल्या पोरांना वेगळी शिवी शोधायचे कष्ट नाहीत. आणि कूपर? विलेपार्ल्याच्या नाक्यावर "कूपर, चल पटकन" असं ओरडून बघा, तीन रिक्षा थांबतील आणि रुग्णालयाच्या दिशेने मीटर टाकतील.

रायन मात्र पास होतं. ते आयरिश आडनावही आहे, पण रियान आणि कियानच्या आजच्या गर्दीत कुणाला परकं वाटत नाही. त्याचा रायू होतो आणि आजीच्या जिभेला वळतो. लिंकनचा लिंक्या होतो. चालेल. पण वर्गात कुणीतरी आधार लिंक झालं का विचारणारच.

पण आमच्या शेजारी नेल्सन, स्टॅन्ली आहेतच की!

आहेत, आणि त्यांना ती शोभतात, कारण ती त्यांच्या घरातलीच आहेत. वसई, गोराई, वांद्रे इथल्या ईस्ट इंडियन घरांत मराठी बोलतात आणि मुलांची नावं नेल्सन, विल्सन, स्टॅन्ली ठेवतात. आमच्या चाळीजवळच्या एका विल्सनला सगळे विली म्हणायचे, आणि त्या नावात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेजच उभं असताना वाटणार तरी कसं? मुंबईकराच्या कानाला साहेबांच्या आडनावांची सवय स्टेशनांनीच लावली. ग्रँट रोड, रे रोड, करी रोड, सँडहर्स्ट रोड. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण आमच्या पिढीतले कितीतरी जण अजून एल्फिन्स्टनलाच उतरतात.

मोठ्या माणसाचं आडनाव उचलायचं असेल तर जरा थांबा. तमिळनाडूचे स्टालिन १ मार्च १९५३ ला जन्मले आणि ज्यांच्यावरून त्यांना नाव मिळालं ते जोसेफ स्टालिन त्याच महिन्याच्या ५ तारखेला गेले. पुढे रशियात त्या नावाचं काय झालं ते आपण जाणतोच. पाळण्यातल्या बाळाला त्याची काय कल्पना! याबाबत आपले क्रिकेटवाले हुशार. गावसकरांनी मुलाचं नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून ठेवलं, पण घेतलं रोहन. कन्हाय तिकडेच राहू दिलं. तेंडुलकरांच्या घरी सचिनदेव बर्मन लाडके, म्हणून मुलगा सचिन झाला, बर्मन नाही झाला. नाव घ्या, आडनाव त्यांच्याकडेच राहू द्या. (आणि मैदानावर पोरांनी त्याच सचिनचं आडनावावरून 'तेंडल्या' केलं, ते वेगळंच. त्यावर खाली येते.)

मराठीत आडनाव म्हणूनही आणि नाव म्हणूनही चालतील अशी नावं आहेत का?

आहेत, आणि त्यांचा खजिना मुंबईतच आहे. पाठारे प्रभू ही मुंबईची जुनी वस्तीदार मंडळी. त्यांची आडनावं वाचा: अजिंक्य, समर्थ, धुरंधर, धैर्यवान, जयकर. बारशाची यादी वाचतोय असं वाटतं. चित्रकार धुरंधर आणि बॅरिस्टर जयकर याच समाजातले. बाकी महाराष्ट्रातही जयवंत, मनोहर, भागवत, पंडित, देव, प्रभू ही दोन्हीकडे चालतात.

विचारलंतच म्हणून माझी पसंती सांगते. अजिंक्य पहिला. हाक मारायला खणखणीत, आणि घरी अजू, मित्रांत अज्या असा सोपा उतार. रहाणेचं तर संघातल्या मंडळींनी 'जिंक्स' केलं, म्हणजे परदेशी ड्रेसिंग रूममध्येही नाव अडलं नाही. समर्थ चांगलं, पण आता प्रत्येक वर्गात दोन सापडतात, मग एकाचा सम्या होतो आणि दुसरा शिक्षकांच्या तोंडी 'समर्थ बी' होऊन बसतो. धुरंधर मला अवजड वाटतं. त्याचा धुऱ्या होतो, आणि धुरंधर गणितात नापास झाला की घरच्यांपेक्षा शेजारी जास्त खूश होतात. मनोहर जुनं वाटतं, पण मन्या हे टोपणनाव इतकं गोड आहे की तेवढ्यासाठी मी ते ठेवीन. पंडित गावाकडे अजून ठेवतात, शहरात पोरगं 'पंडितजी' होऊन जातं.

सापळा एकच. घरातलं आडनाव तेच असेल तर करू नका. देव देव ऐकल्यावर लोक हात जोडतात.

आमचं आडनाव -कर आहे. दिनकर, प्रभाकर ठेवलं तर?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. आडनावासारखी ऐकू येणारी नावं हवीत म्हणून लोक इंग्लंड-अमेरिकेपर्यंत जातात, आणि आपल्या आजोबांच्या पिढीत अर्धी चाळ दिनकर, मधुकर, सुधाकर, रत्नाकर होती! ऐकायला ती आडनावंच.

पण हा 'कर' तो 'कर' नव्हे. मालवणकर म्हणजे मालवणचा, वेंगुर्लेकर म्हणजे वेंगुर्ल्याचा. तिथे 'कर' गाव सांगतो. दिनकर म्हणजे दिवस करणारा, मधुकर म्हणजे मध करणारा भुंगा, शंकर म्हणजे कल्याण करणारा. सुधाकरमध्ये 'कर' म्हणजे किरण, अमृताचे किरण असलेला चंद्र. रत्नाकर आणि पद्माकरमध्ये तर 'कर' नाहीच, 'आकर' आहे, म्हणजे खाण. रत्नांची खाण म्हणून समुद्र, कमळांची खाण म्हणून तळं. एका अक्षरजोडीत गाव, कर्ता, किरण आणि खाण असे चौघे राहतात, चाळीतल्या खोलीसारखे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दिनकर मालवणकर म्हणून बघा. दोनदा म्हटलं की ढोलकी वाजायला लागते. आडनाव साने, राणे, कदम, शिंदे असेल तर खुशाल दिनकर ठेवा, मी येऊन कुर्र करते. माझ्या मते ही नावं परत यायची वेळ झाली आहे. दिन्या, मधू, सुधा, पद्या, टोपणनावांची सोयही आधीच लावलेली आहे.

माझं माहेरचं आडनाव मुलाला नाव म्हणून देता येईल का?

हा प्रश्न नेहमी हळू आवाजात येतो, बहुतेक वेळा सासूबाई देवळात गेल्यावर.

आमच्या पिढीत लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचे. आडनाव जायचंच, पण आईबापांनी ठेवलेलं नावही त्याच ताटात संपायचं. त्यामुळे कुणी मुलगी असं विचारते तेव्हा मी हसण्यावारी नेत नाही.

माझ्या एका वहिनीचं माहेरचं आडनाव जयवंत. तिचे वडील एकुलते एक, आणि त्यांना दोन्ही मुलीच. आडनाव पुढे जाणार नाही हे त्या घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीला मुलगा झाला आणि तिने नाव सांगितलं: जयवंत. आमची आई म्हणाली, "पोराला तिच्याकडचं आडनाव? मग आमचं कुठं जायचं?" वहिनी म्हणाली, "तुमचं शेवटी आहेच की. सगळ्या कागदांवर." आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच पाळण्याच्या दोऱ्या धुवायला काढल्या. बारशाला वहिनीचे वडील दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मी नाव सांगितलं तसा त्यांनी घुगऱ्यांचा द्रोण बाजूला ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. पुढे बराच वेळ ते तो पुसतच होते.

तो पोरगा आता कॉलेजात आहे. मित्र त्याला जया म्हणतात, वहिनी जयू म्हणते. आजोबा होते तोवर त्यांनी कधी नाव तोडलं नाही. पूर्ण जयवंत म्हणायचे.

पण हे जमलं कारण जयवंत हा शब्द नाव म्हणूनही उभा राहतो. माहेर गोखले, चव्हाण किंवा साळवी असेल तर जमणार नाही. 'चव्हाण सावंत' वाचून कारकून विचारेल, यातलं पहिलं कुठलं? अशा वेळी आडनावातला धागा ओढून घ्यायचा. कीर्तिकरांची नात कीर्ती, चित्र्यांची चित्रा, केतकरांची केतकी, मंगेशकरांचा नातू मंगेश. पुरंदऱ्यांना तर पुरंदर आहेच, इंद्राचं नाव आणि वर किल्ल्याचा रुबाब. फक्त त्याचं टोपणनाव पुऱ्या होतं आणि डब्यात बटाट्याची भाजी आहे का असं रोज विचारलं जातं, एवढं सहन करायची तयारी ठेवा.

मुलीसाठी आडनावासारखं नाव?

इंग्रजीत यात मजा आहे. ॲशली, शर्ली ही आधी पुरुषांची नावं. १८४९ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत मुलगा होईल म्हणून ठरवून ठेवलेलं शर्ली हे नाव मुलीला मिळालं, कादंबरी गाजली, आणि पुढे शर्ली बायकांचंच झालं. आपल्याकडे आडनाव बाईला लागलं की ती पाटलीण होते, त्यामुळे तसं काही घडलं नाही. वरची केतकी, चित्रा, कीर्ती हाच मार्ग. हार्परबद्दल मी बोलले आहे.

टोपणनाव आपण ठरवू शकतो का?

एक ठरवू शकता, घरातलं. दुसरं मैदान ठरवतं, आणि त्यावर अपील नाही.

मराठीची याबाबतीत स्वतःची गिरणी आहे. मुलाचं नाव घालायचं, पहिलं अक्षर ठेवायचं, पुढच्या अक्षराला 'या' जोडायचा: सचिनचा सच्या, प्रकाशचा पक्या, दिलीपचा दिल्या, संतोषचा संत्या. घरात हाच माणूस ऊकाराने मऊ होतो: मधू, जयू, अजू. मुलींना ई किंवा ऊ: सुमी, शकू, वैशू. तायडीतला 'डी' खास लाडाचा. 'या'ची गंमत अशी की तो कुणी लावला त्यावर सगळं अवलंबून. जिवलग मित्राने पक्या म्हटलं तर गळ्यात हात, तोच पक्या बायकोच्या माहेरी मेव्हण्याने म्हटला तर वर्षभर अबोला. देव, वेद अशी दोन अक्षरी नावं या गिरणीत आखूड होत नाहीत, उलट वाढतात: देवा, देव्या. ज्यांना वाटतं की छोटं नाव ठेवलं म्हणजे टोपणनाव टळेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वर्गात तीन रोहन असले की पोरं आडनावाकडे वळतात. मग जोश्या, देश्या, कुल्या तयार होतात आणि ते पन्नाशीपर्यंत टिकतात. ऑफिसात तर नुसतं आडनावच नाव असतं. "परब आला का?" "राणे रजेवर." लोकलच्या डब्यात वीस वर्षं एकत्र भजन म्हणणाऱ्या माणसांना एकमेकांची पहिली नावं माहीत नसतात. म्हणून मी म्हणते, आडनावासारखं नाव ठेवायला एवढा जीव टाकू नका. तुमच्या मुलाला जग तसंही आडनावाने हाक मारणार आहे. तुमच्या हातात जी थोडी वर्षं आहेत त्यात हाक मारायला गोड वाटेल ते ठेवा.

आणि कृपा करून शौर्यादित्य ठेवून रोज किट्टू म्हणू नका. एका भाच्याला बालवाडीत हजेरीला हात वर करायला दोन महिने लागले, कारण ते आपलं नाव आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सासूबाईंना मुलाला आजोबांचं नाव हवंय. मग मी हाक कशी मारू?

घराघरात दादा, नाना, भाऊ, बाळ ही नावं बरीचशी याच अडचणीतून आली. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, आणि सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही हीही रीत. मग पोराला रागवायचं कसं? म्हणून घरचं नाव वेगळं. पेशव्यांकडेही तेच. भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्याचं नाव बाळाजी, नातवाचं नाव बाळाजी, आणि घरादारात नातू नानासाहेब. आता तुम्ही सासऱ्यांना नावानिशी फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं, त्यामुळे ही अडचण उरलेली नाही. आजोबांचं नाव वसंत, यशवंत, मनोहर असलं काही असेल तर सासूबाईंचं ऐका.

टोपणनावच दाखल्यावर लावलं तर?

नको. टोपणनाव मोठं व्हायचं असेल तर आपोआप होतं. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव, बाळ हे घरचं. देशाला ठाऊक आहे ते बाळ गंगाधर टिळक. नाना शंकरशेट यांचं नाव जगन्नाथ आणि आडनाव मुरकुटे. घरचं 'नाना' आणि वडिलांचं नाव यांनी मिळून मुरकुटे पार गिळून टाकलं. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये ज्यांचं नाव दिलं ते डॉ. भाऊ दाजी लाड म्हणजे रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊ हे त्यांचं घरचं नाव, दाजी वडिलांचं. म्हणजे पाटीवर बापलेकांची टोपणनावं शेजारी शेजारी बसली आहेत.

तुमचा बंटी एवढा मोठा झाला तर त्याचंही होईल. तोवर दाखल्यावर नीट नाव लिहा. सत्तर वर्षांच्या 'बेबी'ला बँकेत टोकन नंबरने बोलावतात तेव्हा तिला काय वाटतं ते मी माझ्या मावशीकडून ऐकलं आहे.

आडनाव विचारलं की जात विचारल्यासारखं वाटतं. मुलाला आडनावच नको असेल तर?

वाटतं, कारण पुष्कळदा तेच विचारलेलं असतं. "पूर्ण नाव काय?" हा भाड्याचं घर बघताना आलेला प्रश्न कशासाठी असतो हे मुंबईत सगळ्यांना कळतं. म्हणूनच जातीचं आडनाव पहिलं नाव म्हणून मिरवायची कल्पना मला पसंत नाही, मग ते कितीही रुबाबदार वाटो. बाबासाहेबांच्या आडनावाची गोष्ट आठवा. घराणं सकपाळ, गाव आंबडवे म्हणून शाळेत आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी आपलं आडनाव त्यांना दिलं असं सांगतात. आडनाव ही दगडावरची रेघ नाही.

कितीतरी जण आडनावाच्या जागी आई-वडिलांची नावं लावतात. लावा जरूर. फक्त पासपोर्टवर आडनावाचा रकाना अगदी कोरा सोडू नका. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या पर्यटकांना अडवायला सुरुवात केली होती. नंतर वडिलांचं नाव चालेल म्हणाले, पण तेवढ्यात किती जणांच्या दुबईच्या तिकिटांचं लोणचं झालं असेल!

कागदपत्रांत आडनावासारख्या नावाने गोंधळ होतो का?

होतो. आपल्या शाळेच्या हजेरीत आणि बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी. 'जयवंत' हे नाव 'सावंत' आडनावानंतर आलं तरी फॉर्म भरणारा बाबा कधीतरी उलटं भरतोच. आमच्या भाच्याच्या एका प्रमाणपत्रावर तो 'श्री. जयवंत' आहे आणि सावंत हे त्याचं नाव. दुरुस्तीला चार खेपा झाल्या. प्रत्येक फॉर्म स्वतः भरा आणि छापायच्या आधी वाचून घ्या.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यावेळी नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा नाव सुचलं नाही म्हणून रात्री दोनला मला फोन करायची गरज नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदांवर मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने लागतं. चार शब्द झाले, त्यात पहिलंही आडनावासारखं असेल तर एकदा मोठ्याने वाचून बघा. नोंदलेलं नाव पुढे बदलायचं म्हणजे राजपत्र आलं, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाचं. गिरगावकरांना ती इमारत चांगली माहीत आहे, आत जायची वेळ न आलेली बरी.

राशीचं अक्षर 'ढ' आलंय.

पाळण्यातलं नाव 'ढ'वरून ठेवा, कानात सांगा, कुणाला लिहून देऊ नका. चारचौघातलं नाव वेगळं ठेवा. ही सोय पूर्वजांनी याचसाठी करून ठेवली आहे.

ऐन बारशात नाव बदललं तर?

एकदा झालंय. पाळण्याखालून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" चाललं होतं आणि बाळाच्या बाबांनी खिशातून दुसरीच चिठ्ठी काढली. मी दोन्ही नावं सांगितली. धपाटेही दुप्पट खाल्ले.

आत्याला काय द्यायचं?

साडी. सुती, फिकट रंगाची. आणि बारशाचं आमंत्रण निदान आठ दिवस आधी द्या, हल्ली रविवारी मेगाब्लॉक असतो.